आंबोलीच्या धुक्यासाठी कोणता बल्ब?

प्रश्न : काका, माझी वॅगनआर दहा वर्षं जुनी आहे. सावंतवाडीहून कोल्हापूरला आठवड्याला एक फेरी असते. पावसाळ्यात आंबोली घाटात धुकं उतरलं की रस्त्याची कडाही दिसत नाही. स्पेअर पार्टवाला म्हणतो, हेडलाइटला १००/९० टाका नाहीतर एलईडी, आणि फॉग लाइटला (धुक्यासाठीच्या खालच्या दिव्याला) पिवळा बल्ब. काय घेऊ? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : १००/९० घेऊ नका. हे आधीच सांगतो, कारण त्यापायी जळालेले होल्डर मी खूप बदललेत. तुमच्या गाडीला एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब लागतो, ६०/५५ वॅटचा, म्हणजे लांबच्या झोताला (हाय बीम) ६० आणि जवळच्या झोताला (लो बीम) ५५. ५५ वॅटला १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर करंट जातो, ९० ला साडेसात. मूळ वायरी त्या हिशेबाच्या नसतात. गेल्या जूनमध्ये एक गाडी आली, बल्ब ओढला तर होल्डरचं वितळलेलं प्लॅस्टिक त्याच्याबरोबरच निघून आलं. आत रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड पुढे फेकणारा आरसा, धुरकटलेला. तो गेला की अख्खी हेडलाइटच बदलावी लागते.

एलईडी का नको, ते एच-४ हातात घेतलात की कळेल. काचेतून दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारा, दिसतात. लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर उजेड पडू देत नाही, म्हणून झोत वर उसळत नाही. धुक्यात वर गेलेला उजेड थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो. एलईडीची चिप त्या फिलामेंटच्या नेमक्या जागी बसली नाही की झोत फुटतो. घाटात समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला त्या क्षणी वळण दिसत नाही, हे मनात असू द्या.

पिवळा धुकं कापतो हे मी गॅरेजात रोज ऐकतो. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचेच होते. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे, त्यांना रंगाचा फरक पडत नाही. डोळ्यांना बरा वाटत असेल तर जरूर घ्या, मात्र नंबर आणि वॅट तेच हवेत. फॉगच्या बल्बांत एच-८ पस्तीस वॅटचा, एच-११ पंचावन्नचा, आणि दिसायला जवळपास सारखे. जुन्या बल्बाच्या बुडावरचा नंबर वाचून आणा. बसत नाही म्हणून बल्बाचे कान (खाचेत अडकणारे तुकडे) घासून बसवणारा भेटला तर तिथून गाडी काढा.

खरं सांगू, दहा वर्षांच्या गाडीत मी बल्बाआधी हेडलाइटची काच बघतो. प्लॅस्टिकची असते, उन्हाने पिवळी पडते. पॉलिश करून घ्या. मग इंजिन चालू ठेवून, लाइट लावून होल्डरवर व्होल्टेज मोजायला सांगा. तेरापेक्षा बरंच कमी भरलं तर अर्थची वायर आणि गंजलेला बोल्ट साफ करायला लावा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत हे हमखास होतं. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर हॅलोजनचा उजेड तीसएक टक्के घटतो. दुकानदाराने महागडा बल्ब दिला तरी तो हा तोटा भरून काढणार नाही.

बल्ब दोन्हीकडचे एकदम बदला. बल्बाच्या काचेला बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणा तापून काच लवकर जाते. लागलंच तर स्पिरिटने पुसा. मग सपाट जागी गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोत एका पातळीत आणि किंचित खाली येतात ना, ते तपासा. काढलेल्यांपैकी चालू असलेला एक कापडात गुंडाळून डिकीत ठेवा.