जुन्या राजांनी नाण्यावर स्वतःचा चेहरा काहून कोरला, त्यातून सत्ता कशी दिसायची?

शिलालेख एका जागी राहते, नाणं मात्र बाजारात हातोहात फिरते, अन् ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळते की इथं राज्य कोणाचं आहे. क्षत्रप म्हंजे पश्चिम भारतातले शक राजे, त्यांच्यातल्या नहपानाची चांदीची नाणी बघा, नखाएवढ्या जागेत नाक, कान सगळं कोरलेलं, भोवती ग्रीक अक्षरं अन् मागं ब्राह्मी-खरोष्ठी लिपीत नाव.

खरी गंमत पुढं आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं त्याला हरवलं अन् त्याच नाण्यांवर आपला छाप परत ठोकला. १९०६ मध्ये नाशिककडं जोगळटेंभीला १३,००० च्या वर नाणी सापडली, त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर नहपानाच्या छापावरच सातवाहनांचं डोंगराचं अन् उज्जयिनीचं चिन्ह (अधिकच्या खुणेच्या चार टोकांना गोल) मारलेलं आहे, काहींवर खालून नाक-कान अजून डोकावते, म्हंजे हरलेला राजा घरोघरी दिसला पाहिजे!

आमच्या वाशीम जिल्ह्यात तऱ्हाळ्याला सातवाहनांची नाणी निघाली, त्यांच्यावर चेहरा नाही, हत्ती अन् राजाचं नाव. चेहऱ्याची चांदीची नाणी सातवाहनांनी नंतर गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या काळापासून काढली, मला वाटते क्षत्रपांचं बघूनच.