सतराव्या वर्षी पक्षाघात आणि रिपोर्टमधली ‘कमी’ प्रथिनं
वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरबाई, माझा मुलगा 17 वर्षांचा आहे. दिवाळीनंतर त्याला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, बोलणं अडखळायला लागलं. मेंदूत गुठळी झाली होती. आता धरून धरून चालतो. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीत अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी कमी आलं, होमोसिस्टीन 186 आलं. ‘रक्तातली प्रथिनं जन्मतःच बिघडलेली आहेत’ एवढंच आम्हाला समजलं. एक नातेवाईक म्हणतात, डाळ, दूध, अंडी बंद करा. दुसरे म्हणतात, प्रथिनं कमी आहेत तर प्रोटीन पावडर सुरू करा. तो 9 वर्षांचा असताना दोन्ही डोळ्यांतली भिंगं सरकली म्हणून ऑपरेशन झालं होतं. अंगाने उंच, सडपातळ, बोटं लांब. माझे मिस्टर माझे सख्खे आतेभाऊ. धाकटी मुलगी 11 वर्षांची आहे, तिचाही चष्म्याचा नंबर भराभर वाढतोय. – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी धाकटीबद्दल बोलते, कारण तिच्या बाबतीत अजून वेळ हातात आहे. याच आठवड्यात तिच्या रक्तातलं होमोसिस्टीन (खाल्लेल्या प्रथिनांपासून शरीरात तयार होणारं एक द्रव्य) तपासून घ्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना बाहुली मोठी करून भिंग जागेवर आहे का ते पाहायला सांगा. रक्त घेतल्याबरोबर नळी बर्फात ठेवायची आणि तासाभराच्या आत रक्तद्रव वेगळा काढायचा, हे लॅबमध्ये स्वतः विचारा. नळी टेबलावर तशीच राहिली तर लाल पेशींतून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि आकडा खोटा वाढतो.

पत्रावरून निदान करणं बरोबर नाही. पण सरकलेली भिंगं, उंच सडपातळ बांधा, कोवळ्या वयातला पक्षाघात, 186 होमोसिस्टीन आणि जवळच्या नात्यातलं लग्न हे सगळं एकत्र पाहिलं की होमोसिस्टिन्युरिया हा आनुवंशिक आजार डोळ्यांसमोर उभा राहतो. होमोसिस्टीन साधारण 15 च्या आत असतं. हा आजार 1962 साली उत्तर आयर्लंडमध्ये आणि त्याच वर्षी अमेरिकेत ओळखला गेला. आपण खातो त्या प्रथिनांत मेथिओनिन असतं, त्यापासून शरीरात होमोसिस्टीन तयार होतं, आणि सीबीएस नावाचं एन्झाइम ते पुढे मार्गी लावतं. त्या एन्झाइमचं जनुक 21 व्या गुणसूत्रावर असतं. आई आणि वडील दोघांकडूनही त्याची सदोष प्रत आली तर काम अडतं आणि होमोसिस्टीन साचतं. प्रत्येक भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक.

आता ती प्रथिनं. होमोसिस्टीनच्या टोकाला गंधक असतं, आणि ते टोक रक्तातल्या प्रथिनांना कुसळासारखं चिकटतं. एरवीही रक्तातलं बहुतेक होमोसिस्टीन अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटूनच फिरत असतं. साठा वाढला की गुठळीचं जाळं विणणाऱ्या फायब्रिनोजेन या प्रथिनावरही परिणाम होतो, मग गुठळी दाट होते आणि लवकर विरघळत नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते. गुठळीला आवर घालणारं अँटिथ्रॉम्बिन कमी होतं, काहींमध्ये त्याच कामाचं प्रोटीन सीसुद्धा. भिंग जागेवर धरून ठेवणारे धागेही एका प्रथिनाचेच असतात आणि तेही कमकुवत होतात. म्हणजे तुमच्या मुलाचे डोळे आणि त्याचा पक्षाघात हे दोन वेगळे आजार नसावेत. लांब बोटं आणि सरकलेलं भिंग मारफान नावाच्या आजारातही दिसतं. तिथे भिंग बहुधा वर सरकतं, इथे बहुधा खाली. मला मनापासून वाटतं की भिंग सरकलेल्या प्रत्येक मुलाचं होमोसिस्टीन त्याच वेळी तपासलं गेलं पाहिजे. ही तपासणी पक्षाघातापर्यंत थांबता कामा नये.

तरीही अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सीच्या त्या आकड्यांवरून ‘जन्मजात कमतरता’ असा शिक्का मारून घेऊ नका. गुठळी ताजी असताना ही प्रथिनं खर्च होतात. गुठळीवरच्या औषधांनीही आकडे बदलतात : हेपॅरिनने अँटिथ्रॉम्बिन उतरतं, वॉर्फरिनने प्रोटीन सी आणि त्याचं जोडीदार प्रोटीन एस उतरतं. तिसऱ्या दिवसाचा रिपोर्ट म्हणूनच फार बोलका नसतो. काही महिन्यांनी, कोणती गोळी चालू आहे ते पाहून, तो पुन्हा करायचा. होमोसिस्टिन्युरियाच्या रुग्णांत होमोसिस्टीन खाली आल्यावर अँटिथ्रॉम्बिन पुन्हा वर आल्याचं दिसलेलं आहे. तुमच्या मुलाच्या रिपोर्टमधला खरा आकडा 186 आहे.

खाण्याबद्दल मला ठामपणे सांगायचंय. प्रोटीन पावडर मुळीच नको. तिच्यातून मेथिओनिनचाच भार वाढेल आणि रक्तातलं अँटिथ्रॉम्बिन त्याने वाढत नाही, ते यकृत तयार करतं. पण डाळ, दूध, अंडी स्वतःहून बंदही करू नका. आधी रक्तातलं मेथिओनिन तपासायला हवं. सीबीएसच्या दोषात ते वाढलेलं असतं. शरीर बी-12 किंवा फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड) वापरतं त्या वाटेवरच्या काही आनुवंशिक दोषांत मात्र होमोसिस्टीन भरपूर आणि मेथिओनिन कमी असतं. तिथे प्रथिनं तोडली तर मुलाचं नुकसान होतं. बी-12 ची साधी कमतरता आहे का, तेही याच वेळी पाहायचं.

सीबीएसचा दोष ठरला तर पुढची पायरी बी-6 जीवनसत्त्वाची. साधारण निम्मे रुग्ण त्याला प्रतिसाद देतात. फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 सोबत देऊन काही आठवडे बी-6 ची मोठी मात्रा देतात आणि होमोसिस्टीन पुन्हा मोजतात. ते 50 च्या खाली आलं तर बहुतेकांना कडक पथ्य लागत नाही. आलं नाही तर मेथिओनिन मोजूनमापून आहार, मेथिओनिन नसलेलं खास दूधपावडरीसारखं मिश्रण आणि बीटेन नावाचं औषध. कडधान्यांत मांसाहारापेक्षा मेथिओनिन कमी असतं, त्यामुळे आपल्या घरातलं जेवण पूर्ण बदलावं लागत नाही, पण गोष्ट ग्रॅमची आहे, आहारतज्ज्ञ हवाच. बी-6 ची मात्रा मनाने वाढवू नका, जास्त झालं तर नसांना इजा होते. आणि गुठळीसाठी चालू असलेली गोळी मेंदूच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका.

1985 साली 629 रुग्णांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. उपचाराविना वयाच्या तिशीपर्यंत जवळजवळ निम्म्यांना कुठे ना कुठे गुठळी झाली होती. उपचार नीट चालू असले की हा धोका खूप उतरतो, हे पुढच्या नोंदींत दिसलं. बॉस्टनमध्ये 1933 साली 8 वर्षांचा एक मुलगा पक्षाघाताने गेला. त्याच घराण्यातल्या एका मुलीत होमोसिस्टिन्युरिया सापडला तो 1965 मध्ये, आणि मग कुठे त्या मुलाच्या मृत्यूचा अर्थ लागला. तुमच्या धाकटीला कशाचीच वाट पाहावी लागणार नाही.

अजून थोडं. दोन्ही मुलांच्या कागदांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : भूल देताना नायट्रस ऑक्साइड हा वायू टाळावा. ताप, जुलाब झाले तर पाणी कमी पडू देऊ नका. मुलीला आजार निघाला तर मोठेपणी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत, आणि बाळंतपणात जास्त जपावं लागेल. आत्याच्या घरी लग्न झालं म्हणून तुम्हाला कोणी बोल लावत असेल तर ऐकून घेऊ नका. सदोष प्रत तुमच्या दोघांकडूनही आलेली असते, आणि ती असल्याचं कोणाला कळत नाही.

प्रश्न : मी 46 वर्षांचा, शाकाहारी, पुण्यात राहतो. हेल्थ चेकअपमध्ये होमोसिस्टीन 28 आलं. पक्षाघात होणार का? लॅब जनुकाची चाचणीही सुचवते आहे.

उत्तर : तुमचा प्रकार वरच्या मुलासारखा नाही. पुण्यातच 441 मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत 67 टक्क्यांत बी-12 कमी आणि 58 टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त निघालं होतं, 2006 साली ते प्रसिद्ध झालं. बी-12 तपासा, कमी असेल तर भरून काढा, आकडा बहुधा खाली येईल. लॅब सुचवते ती बहुधा एमटीएचएफआर नावाच्या जनुकाची चाचणी, तिच्यावर पैसे घालवू नका, उपचार तोच राहतो. पक्षाघात टाळायचा तर रक्तदाब, साखर आणि तंबाखूकडे जास्त लक्ष द्या.

प्रश्न : भावाला 38 व्या वर्षी पक्षाघात झाला. लहानपणापासून तळहात-तळपायांची आग होते, घाम येत नाही, आता लघवीतून प्रथिन जातंय. त्याला दोन मुली, एक मुलगा. – नाशिक

उत्तर : फॅब्री या आनुवंशिक आजाराची शंका घ्यायला हवी. अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए हे एन्झाइम त्यात कमी असतं. भावाच्या रक्तात ते मोजता येतं, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना हे नाव सांगा. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून निदान पक्कं झालं तर दोन्ही मुलींकडे ते गेलेलं असणार, मुलाकडे वडिलांकडून जाणार नाही. मुलींमध्ये एन्झाइमचा आकडा नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा त्यांची जनुकाचीच चाचणी करा. तुमची आई आणि तुम्ही स्वतःही तपासून घ्या.