टोप्या नंतर, आधी पोस्टकार्डं
ब्रिटनचा राजा सातव्या एडवर्डचा काळ म्हणजे १९०१ ते १९१०. या काळाच्या अभ्यासात नव्याने शिरताय, तर पिसांच्या टोप्या आणि चहापार्ट्या जरा बाजूला ठेवा. (मी दोन वर्षं त्यातच घालवली!) जुनी पोस्टकार्डं धुंडाळा. १९०२ पासून ब्रिटनमध्ये चित्राच्या मागे पत्ता आणि मजकूर दोन्ही लिहिता येऊ लागले. तिकीट अर्ध्या पेनीचं. शहरात टपाल दिवसातून अनेकदा वाटलं जाई, म्हणून ‘संध्याकाळच्या गाडीने येतेय’ हे सकाळी लिहूनही चालायचं. मग १९११च्या जनगणनेचे कागद बघा, घरच्यांनीच भरलेले. लग्न झालेल्या बाईला मुलं किती झाली, किती गेली, असे रकानेच आहेत. मताधिकार मागणाऱ्या काही बायकांनी तर माहिती द्यायला साफ नकार लिहिलाय. अक्षर किचकट असतं, भिंग जवळ ठेवा.