हार्डनर घिसाईच्या मधेच मारायचा, शेवटी नाही

पाच वर्षं जुनी शेड, ट्रिमिक्स (ओतल्यावर जादा पाणी पंपाने ओढून घेतलेला) कोबा, रोज झाडूनही धूळ उडते, आणि कंत्राटदार म्हणतोय की आधी ३००० नंबरपर्यंत (नंबर जितका मोठा तितकी घासणी बारीक) पॉलिश करू, मग वरून हार्डनर मारू. तुमचा प्रश्न मला असा समजला. त्याचा क्रम चुकलाय.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. हार्डनर म्हणून आपल्याकडे दोन निराळ्या गोष्टी विकल्या जातात. एक पावडर, जी ओल्या काँक्रीटवर भुरभुरून घोटतात. ती संधी पाच वर्षांपूर्वीच गेली. दुसरा पातळ, सिलिकेटचा, ज्याला काही जण डेन्सिफायर म्हणतात. कोटेशनमध्ये नुसतं 'हार्डनर' लिहिलं असेल तर कुठला ते लिहून घ्या.

पातळ हार्डनर म्हणजे वरचा लेप नव्हे. सिमेंट पाण्याबरोबर आवळतं तेव्हा थोडा मोकळा चुना आत उरतो. सिलिकेट छिद्रांतून आत शिरून त्या चुन्याला गाठतं आणि सिमेंटमध्ये जो बांधून ठेवणारा पदार्थ असतो तसलाच आणखी तयार करतं. आता ३००० पर्यंत घासून तोंडं मिटवलेल्या फरशीत ते शिरणार कुठून? वरच सुकतं आणि पांढरं दिसतं.

तुमची धूळ बहुधा वरच्या मलईची आहे. ओतताना पाणी जास्त झालं की बारीक सिमेंट वर येतं आणि तो थर कायम भुसभुशीत राहतो. त्यावर कितीही हार्डनर पाजला तरी उपयोग नाही, तो थर आधी निघालाच पाहिजे. शिवाय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वरचा चुना मरतो (भिंतीवरचा चुना असाच घट्ट होतो), म्हणजे पृष्ठभागावर सिलिकेटला खायलाच काही नसतं. घिसाईने खालचं ताजं काँक्रीट उघडं पडतं. कोब्याला पीपीसी (फ्लाय ॲश म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं सिमेंट) वापरलं होतं का तेही विचारा. त्यातली फ्लाय ॲश स्वतःच चुना संपवते, त्यामुळे फरक कमी दिसू शकतो.

मी मेटल सेगमेंटने (मशीनखाली लावायचे हिऱ्याचे कण असलेले धातूचे तुकडे) ३०, ६०, १२० असं घासतो. मग स्लरी, म्हणजे घासताना झालेला चिखल, पूर्ण काढून, धुऊन, फरशी वाळू देतो. पाण्याचे चार थेंब टाकून बघतो. जिरले तरच हार्डनर. त्यानंतर रेझिन पॅड १०० पासून वर. फरशी फारच मऊ असेल तर पहिल्या घासणीनंतरही हार्डनरचा एक हात देतो, नाहीतर सेगमेंट खोल ओरखडे पाडतात आणि ते नंतर जाता जात नाहीत. शेडला ४०० किंवा फार तर ८०० वर थांबा. ३००० ची चकाकी शोरूमला ठीक, तुमच्या फोर्कलिफ्टला काय करायचीय?

पातळ हार्डनरमध्ये सोडियम सिलिकेटचा स्वस्त, लिथियमचा महाग. सोडियमवाला अर्धा तास ओला ठेवून ब्रशने चोळायचा आणि उरलेला पाण्याने धुऊन काढायचा. भोसरीच्या एका गोडाऊनमध्ये, एप्रिलात, मी माणसं जेवायला सोडली आणि परत येईपर्यंत फरशीवर काचेसारखी पांढरी खपली. दोन दिवस मशीन उलटं १२० वर आणलं, पदरचे पैसे गेले. तेव्हापासून उन्हाळ्यात लिथियमच. त्याचा थर मागे फारसा राहत नाही आणि सहसा धुवावंही लागत नाही.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. बॅटरीचं ॲसिड सांडलं तर हार्डनर मारलेली फरशीसुद्धा खाल्ली जाणार. चार्जिंगच्या कोपऱ्याला इपॉक्सी वेगळं करा.

आणि ऑर्डर देण्याआधी, सगळ्यात जास्त धूळ येणाऱ्या जागी तीन बाय तीन फुटांचा नमुना करून घ्या. चार दिवसांनी नमुन्याच्या आतल्या आणि बाहेरच्या फरशीवर एकाच खिळ्याने, सारख्याच जोराने ओरखडा काढा.