मोठा इंग्रजी शब्द कसा फोडायचा

अरे भाऊ, स्पेलिंग पाहून तुकडे पाडू नको, कानानं पाड. हनुवटीखाली हात धर न हळू बोल, 'युनिव्हर्सिटी', हनुवटी पाचदा खाली येते म्हणजे सिलॅबल, म्हंजे उच्चाराचे तुकडे, पाच, न जोर 'व्हर्'वर. आपण सगळीच अक्षरं सारख्या जोरानं हाणतो, तिथंच गाडी फसते. शेवटी 'शन' नाहीतर 'इटी' आलं का जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर, जसं एज्युकेशनमधे 'के'वर. पण फोटोग्राफमधे जोर 'फो'वर असते न फोटोग्राफीत तोच सरकून 'टॉ'वर जाते, बाकीचे स्वर पार दबतात, 'फटॉग्रफी' असं ऐकू येते, मी तं बारावीपर्यंत 'फोटो-ग्राफी'च म्हणत होतो बाप्पा! डाऊट आला का डिक्शनरी पाह्य, जोराच्या तुकड्याआधी वरती बारीक उभी रेघ असते.