बांधावरचं तण पिवळं, पिकावर रोग : चार प्रश्नांची उत्तरं

वळीव पडून गेले की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, हातकणंगले, पन्हाळा, गडहिंग्लज, चारी बाजूंनी एकाच धाटणीचे प्रश्न यायला लागतात. भेंडीवर हळद्या, म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या करणारा विषाणूरोग आलाय, मिरची बोकडलीय, म्हणजे पानं वळून आखडलीत, आणि बांधावरचं तणही तसंच पिवळं दिसतंय. मग रोग तणातनंच रानात उतरला का? यंदाच्या प्रश्नांपैकी चार इथं घेतोय.

शिरोळ तालुक्यातून : भेंडीच्या बांधावर ओसाडी या तणाची पानं जाळीदार पिवळी झाली होती. पंधरवड्यात भेंडीत हळद्या. तोच रोग ना?

नुसतं बघून तसं म्हणता येत नाही. ओसाडीच्या शिरा पिवळ्या करणारे विषाणू भेंडीच्या हळद्याच्या गोत्यातलेच आहेत आणि पांढरी माशीच त्यांना पसरवते. पण एका गोत्यातले म्हणजे एकच नव्हेत. उलट, हिरवंगार दिसणारं तण आतून रोगट असू शकतं. म्हणून संशोधक पिकाची आणि तणाची पानं वेगवेगळी घेऊन प्रयोगशाळेत विषाणूची जनुकीय ओळख जुळवून पाहतात. तेवढ्यावरही ते थांबत नाहीत. तणावरची माशी पकडून जाळीत ठेवलेल्या निरोगी भेंडीच्या रोपावर सोडायची आणि रोग येतो का ते पाहायचं. तणात विषाणू सापडला म्हणजे तिथूनच तो पिकात येतो, हे या कसोटीशिवाय ठरत नाही.

याचं चांगलं उदाहरण आंध्रातल्या अनंतपूरचं. सन 2000 मध्ये तिथल्या भुईमुगाचे शेंडे वाळून रानंच्या रानं बसली. आधी तो नेहमीचा शेंडेमर वाटला. तपासाअंती तंबाखूवरचा स्ट्रीक विषाणू निघाला, आणि त्याचं मोठं कोठार निघालं गाजर गवत, म्हणजे आपलं काँग्रेस. त्या गवतावर रोगाची एकही खूण नव्हती. विषाणू होता परागात. ते पराग वाऱ्यानं आणि फुलकिड्यांच्या अंगाला चिकटून भुईमुगाच्या पानावर पडायचे, फुलकिडे पान खरवडायचे आणि त्या जखमेतून विषाणू आत जायचा. म्हणून काँग्रेस उपटायचं ते फुलावर येण्याआधी. फुलल्यावर कापून बांधावर ढीग घातला, तर फारसा उपयोग नाही.

तुमच्या भेंडीबद्दल मला वेगळाच संशय आहे. शेजारी दर मिळेना म्हणून तोडा सोडून दिलेला जुना भेंडीचा प्लॉट उभा आहे, असं तुम्हीच लिहिलंय. हळद्याचं सगळ्यात मोठं कोठार तेच असतं. तो तसाच ठेवून बांधावरच्या ओसाडीवर राग काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

माशी तणावर राहते का याची खात्री करायची तर ऊन चढायच्या आत तणाचं पान अलगद उलटून बघा. शिरेच्या कडेला खवल्यासारखी चपटी, फिकट पिवळी पिल्लं चिकटलेली दिसली, तर माशी तिथं वस्तीला आहे, ते तण आधी काढा. नुसतीच माशी उडाली आणि पिल्लू एकही नसेल, तर ती वाटसरू. जास्वंदीच्या कुळातली तणं, म्हणजे रानभेंडी, पेटारी, चिकणा, भेंडीच्या रानाकडेला जास्त बारकाईनं बघा.

पन्हाळ्याकडून : मग सगळे बांध पेटवून द्यावेत का? तणनाशक मारलं तर?

पेटवू नका. डोंगरकडेला तर अजिबात नको, आग कुठवर जाईल ते आपल्या हातात नसतं. बांधावरच्या फुलांवर ढालकिडे, क्रायसोपा, परोपजीवी गांधीलमाश्या असे पिकावरच्या किडी मारणारे मित्रकीटक जगतात. त्यांना जाळून पुन्हा औषधाच्या दुकानात जायचं, हा व्यवहार मला पटत नाही. शिवाय परभणी क्रांती आणि अर्का अनामिका या भेंडीच्या वाणांना हळद्याशी झुंजायची ताकद मिळाली ती भेंडीच्या जंगली नातेवाइकांशी केलेल्या संकरातून. ती ताकद आता बऱ्याच ठिकाणी कमी पडते, तो भाग वेगळा.

साफसफाई कधी करता, यावर सगळं आहे. पीक कोवळं असताना बांध भांगलला किंवा तणनाशक मारलं, की तण आठ-दहा दिवसांत वाळतं आणि त्यावरची माशी उठून शेजारच्या दोन पानांच्या रोपावर बसते. रोग आपणच हाकलत रानात आणतो. लावणीच्या किंवा टोकणीच्या निदान तीन आठवडे आधी बांध, पाटकडा आणि मागच्या पिकाची आपोआप उगवलेली झाडं काढा. ती वेळ हुकली असेल तर पीक अंगाला येईपर्यंत एका बाजूनं थोडं थोडं काढा आणि रानाच्या कडेनं पिवळे चिकट सापळे लावा.

हातकणंगल्यातून : पपईवर मावा दिसतच नाही, तरी रिंगस्पॉट कसा? दर चार दिवसाला फवारतोय.

रिंगस्पॉट हा पपईच्या फळावर वलयं उठवणारा विषाणूरोग. तो पसरवणारा मावा पपईवर घर करत नाही, म्हणून दिसत नाही. इकडून तिकडे जाताना पानात सोंड खुपसून चव घेतो, आवडलं नाही की उडतो. पण रोगट झाडावरून विषाणू घ्यायला आणि पुढच्या झाडाला द्यायला त्याला काही सेकंद पुरतात. तुमच्या औषधानं तो मरेलही, पण रोग देऊन झाल्यावर. पांढऱ्या माशीचं तंत्र निराळं. ती बराच वेळ रस शोषते, विषाणू तिच्या अंगातून फिरून लाळेत यायला काही तास जातात आणि मग ती बहुधा मरेपर्यंत रोग देत राहते. तिथं वेळेवर केलेल्या फवारणीचा थोडाफार उपयोग होतो. रिंगस्पॉटमध्ये तुमचा खर्च पाण्यात चाललाय.

त्यापेक्षा पपईभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी दाट लावा, लागणीच्या आधी. मावा आधी मक्यावर टोचतो आणि त्याच्या सोंडेवरचा विषाणू तिथंच निघून जातो. मक्याला तो बाधत नाही. शेजारी उसाचा बेणेमळा असेल तर मात्र मका नको, कारण उसाचा मोझॅक मका-ज्वारीवरही येतो. पपईत दोडका, काकडी, कलिंगड घेऊ नका. रोगट झाड दिसल्या दिवशी काढा.

आणि हो, ‘शेजारच्या उसामुळं रिंगस्पॉट आला का’ याचं उत्तर: नाही.

गडहिंग्लजहून : मिरची बोकडलीय. विषाणूच ना?

आधी पान बघा. कडा वर वळून द्रोण झाला असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं, देठ लांब, तर कोळी ही अगदी बारीक कीड. हे दोन्ही विषाणू नव्हेत आणि नवी फूट सुधारू शकते. पानं बारीक, शिरा पिवळसर, पेरं आखूड, झाड खुजं आणि सोबत पांढरी माशी, तर विषाणूचा संशय घ्या. असं झाड औषधानं बरं होत नाही.

एक गोष्ट तुमच्या भागात मुद्दाम सांगावी लागते. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू मिरची-टोमॅटोवरही येतो आणि त्याला किडीची गरज नसते, हात पुरतो. वाळलेल्या तंबाखूतही तो टिकतो. तंबाखू मळून तसंच रोपांच्या लागणीला बसू नका. गडी-बायांना साबणानं हात धुवायला सांगा आणि बांधावर बादली ठेवा. रोपं चाळीस-पन्नास मेशच्या, म्हणजे इंचाला तेवढी भोकं असलेल्या बारीक जाळीतच वाढवा.

नमुना द्यायचा असेल तर रोगट शेंड्याची कोवळी पानं कोरडी करून कागदी पाकिटात घाला. बांधावरच्या तणाचं पान वेगळ्या पाकिटात, पिकाच्या पानात मिसळू नका. पाकिटावर गाव, वाण, लावणीची तारीख आणि शेजारची पिकं लिहा. सोमवारी सकाळीच तालुका कृषी कार्यालयात पोचवा, शनिवारचं पान सोमवारपर्यंत सडतं.