रिबेका बून: माहेरची ब्रायन की पूर्वाश्रमीची ब्रायन?

प्रश्न असा आलाय की डॅनियल बून (अठराव्या शतकात केंटकीत गोऱ्यांची वस्ती उभारणारा प्रसिद्ध शिकारी आणि वाटाड्या) याची बायको रिबेका, जिचं आयुष्य इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींच्या अगदी कडेला गेलं, तिच्या कुळाबद्दल मराठीत लिहायचंय, तर "पूर्वाश्रमीची ब्रायन" लिहावं की "माहेरची ब्रायन", आणि हे सगळं बाईच्या बाजूने जात असेल तर त्याला वंशावळ म्हणता येतं का.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, माहेरची ब्रायन. पूर्वाश्रम हा मुळात संन्याशाचा शब्द, म्हणजे आधीचा आश्रम सोडला, नाव सोडलं, नाती तोडली. पेपरात लग्न झालेल्या बायकांसाठी तो सर्रास वापरतात आणि चूक म्हणणार नाही कोणी, पण रिबेकाच्या बाबतीत तर अर्थच उलटा होतो, कारण तिचं माहेर कधी सुटलंच नाही. 1739 साली व्हर्जिनियात जन्म, बाप जोसेफ ब्रायन, आजोबा मॉर्गन ब्रायन आणि आजी मार्था स्ट्रोड, मग हे सगळं घराणंच उठून उत्तर कॅरोलायनात याडकिन नदीच्या खोऱ्यात आलं आणि तिथेच शेजारपाजारी बून मंडळी पण होती. 14 ऑगस्ट 1756 ला तिचं डॅनियलशी लग्न झालं ते सासऱ्यांनीच म्हणजे स्क्वायर बूननीच लावलं, ते तिथले न्यायाधीश होते.

आता खरी गंमत नात्यांची आहे आणि इथे मराठीचा हात कोणी धरू शकत नाही. डॅनियलची बहीण मेरी ही रिबेकाच्या सख्ख्या काकाला, विल्यम ब्रायनला दिलेली. म्हणजे मेरी रिबेकाची नणंद पण आणि काकू पण. विल्यम हा डॅनियलचा मेव्हणा आणि चुलत सासरा. वर रिबेकाची बहीण मार्था डॅनियलच्या धाकट्या भावाला, एडवर्डला (सगळे नेड म्हणायचे) दिली, म्हणजे सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या. पोरांचं तर बघा, रिबेकाच्या मुलांना मार्था मावशी आणि काकू दोन्ही, तिची मुलं मावसभावंडं पण आणि चुलत पण, आणि मेरी ही त्यांची आत्या आणि शिवाय चुलत आजी! इंग्रजीत नणंद, जाऊ, मेव्हणी, भावजय सगळ्यांना "सिस्टर-इन-लॉ" हा एकच शब्द असल्यामुळे इंग्रजी पानांवर हे वाचताना डोकं फिरतं, तीन तीनदा नावं सांगावी लागतात. तुम्ही मराठीत लिहिताय तर कृपा करून "कायद्याने बहीण" छापाचं काही करू नका आणि नुसतं "नातेवाईक" म्हणून पण सोडू नका, नेमका शब्द लिहा.

कोणी सुचवेल याला साटंलोटं म्हणा. मला नाही पटत. साटंलोटं म्हणजे तुमची मुलगी आम्हाला आमची तुम्हाला असा ठरवून केलेला व्यवहार, इथे तसं ठरवलेलं काही नाही, आणि पिढी पण जुळत नाही, एकीकडे काका आणि दुसरीकडे पुतणी आहे. "दोन्ही घराण्यांत येणीजाणी होती" किंवा "सोयरिकीवर सोयरीक झाली" हे जास्त बरोबर.

दुसरा प्रश्न वंशावळीचा. शब्द वंश आणि आवली म्हणजे ओळ यांचा, त्यात पुरुष असायलाच पाहिजे असं काही नाही, पण वापर मात्र बापाकडून मुलाकडे असाच झालाय. आपल्या जुन्या कुलवृत्तांतात मुलगी येते, तिचं सासर कुठलं ते येतं, आणि तिथेच तिची रेघ संपते. म्हणून नुसतं "रिबेकाची वंशावळ" लिहिलं तर वाचणारा बून मुलांची यादी शोधेल. "माहेरची वंशावळ" लिहा म्हणजे ब्रायन, आणि "आजोळ" लिहा आईच्या बाजूसाठी. फक्त आजोळाबद्दल जपून, कारण तिच्या आईच्या नावावर वंशावळ लिहिणाऱ्यांचं एकमत नाही, कोणी हेस्टर हॅम्प्टन म्हणतं कोणी ॲलिस लिनव्हिल, तेव्हा "आजोळ हॅम्प्टन" असं ठोकून देऊ नये, दोन्ही द्यावीत.

तिची पुढची पिढी दहा मुलांची, शिवाय डॅनियलच्या वारलेल्या भावाचे पोरके मुलगे, म्हणजे तिचे पुतणे, तिनेच वाढवले, त्यांना पण तक्त्यात जागा द्याच. मुलांच्या नावांकडे पण बघा. एकाचं नाव जेसी ब्रायन बून, म्हणजे आईचं माहेरचं आडनाव मधे आलंय. डॅनियल मॉर्गन बून या मुलाच्या नावातला मॉर्गन तर दोन्हीकडे बसतो, डॅनियलच्या आईचं माहेर मॉर्गन आणि रिबेकाच्या आजोबांचं पाळण्यातलं नाव पण मॉर्गन. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बापाचं हे इतकं डोक्यात बसलंय की तळटीप दिली नाही तर वाचणारे जेसीच्या बापाचं नाव ब्रायन समजतील.

आणि हो, तिला "सीमेवरची स्त्री" म्हणू नका, सीमा म्हटलं की आपल्याला दोन देशांची हद्द आणि चौकी दिसते. "वसाहतीच्या कडेची" लिहा. "निर्जन" तर अजिबात नको, केंटकी ही शॉनी आणि चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांची शिकारीची भूमी होती आणि झगडा त्यावरूनच होता. त्यात रिबेकाचा थोरला जेम्स 1773 मध्ये मारला गेला, दीर नेड 1780 मध्ये, म्हणजे बहीण आणि जाऊ असलेली मार्था विधवा झाली. ऑगस्ट 1782 मध्ये लेक्सिंग्टनजवळच्या ब्रायन्स स्टेशनला वेढा पडला, ती तटबंदीची वस्ती तिच्या काकांनी वसवलेली, आणि वेढा उठवून गेलेल्यांच्या पाठलागात 19 ऑगस्टला ब्लू लिक्सच्या लढाईत तिचा दुसरा मुलगा इस्राएल गेला. ही वाक्यं लिहिताना "ब्रायन्स स्टेशन (रिबेकाच्या माहेरच्यांची वस्ती)" एवढं कंसात टाकलंत तरी पुरे.